चित्रातली बाई घरी येत नाही

ती तक्रार आजही आठवते, कारण ती ऐकताना हसू दाबण्यासाठी मला पाण्याचा ग्लास तोंडाला लावावा लागला होता. पोलीस ठाण्यात हसू येण्यासारखं रोजच काहीतरी घडत असतं, पण तक्रारदारासमोर हसायचं नसतं, एवढं शिक्षण मला मिळालेलं होतं. बाकीचं व्हायचं होतं.

तेव्हा मी सोलापूर शहरातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होते. ठाणं कोणतं ते सांगत नाही, माणसांची नावंही घेत नाही. आता मी आजी झाले आहे आणि माझा सगळा दरारा नातीला दूध प्यायला लावण्यात खर्च होतो. पण तेव्हाची मी बघण्यासारखी होते. कडक इस्त्री, चकचकीत बूट आणि काळा गॉगल. सोलापूरच्या उन्हात गॉगल लागतो हे खरं, पण मी तो ठाण्यातही काढत नसे. एकदा टेबलावरचे कागद वाचता येईनात म्हणून मी चिडून म्हणाले, "परत लाईट गेली का?" आमचे जुने हवालदार शांतपणे म्हणाले, "लाईट हाय मॅडम. तुमचा गॉगल हाय."

गॉगलइतकाच माझा दुसरा अभिमान म्हणजे माझा पंचनामा. खोलीत शिरले की मी वस्तू टिपत सुटायची. कपाट, पलंग, पंखा, पंख्याला लटकलेलं जळमट. माझ्या नजरेतून वस्तू सुटत नाही असं ठाण्यात बोललं जायचं आणि ते कानावर येईल अशा बेतानं मी उभी राहायची. दोन वस्तूंच्या मध्ये जे असतं त्याकडेही बघायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायला आला असता तर मी त्याच्याकडे गॉगलवरून बघितलं असतं.

ती तक्रार घेऊन काकू आल्या त्या सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. वय सत्तरीच्या पुढचं, ताठ चाल, हातात कापडी पिशवी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मागोमाग त्यांचा मुलगा, पुण्यात कंपनीत नोकरीला, हातातला मोबाईल सारखा उलटासुलटा करणारा. मी खुर्ची दाखवली.

"माझं चित्र बदललंय," काकू म्हणाल्या.

"चोरीला गेलं?"

"नाही. घरी भिंतीवर आहे. पण ते माझं नाही."

हळूहळू हकीकत कळली. त्यांचे यजमान चित्रकलेचे शिक्षक. काही वर्षांपूर्वी वारले. मूळचे करमाळ्याकडचे, जेऊरजवळच्या एका वस्तीवरचे. त्यांनी काढलेलं एक मोठं तैलचित्र काकूंच्या बाहेरच्या खोलीत होतं. माळावरून शेळ्या घेऊन घराकडे येणारी एक बाई. घराला नवा रंग द्यायचा म्हणून चित्र उतरवलं आणि जुनी फ्रेम खिळखिळी झाली होती म्हणून सात रस्त्याजवळच्या एका फ्रेमवाल्या चाचांकडे दिलं. चाचा यजमानांचे जुने स्नेही, त्यांच्या प्रत्येक चित्राची फ्रेम त्यांनीच केलेली. चाचांनी बरेच दिवस लावले आणि मग नव्या फ्रेमसह चित्र घरी पोचवलं. ते भिंतीवर चढलं त्या संध्याकाळपासून काकू म्हणत होत्या की हे ते नव्हे.

"वेगळं काय आहे त्यात?" मी विचारलं.

"माझ्या चित्रातली बाई घरी येत असते. ही येत नाही. नुसती उभी आहे."

इथं मी ग्लास उचलला. हवालदार माझ्या मागून हळूच म्हणाले, "मॅडम, मिसिंग दाखल करायची का?"

मुलानं मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. "मॅडम, आईचं वय झालंय. परवा गॅस चालू ठेवून शेजारी गेली. आता हे चित्राचं खूळ. मी तिला पुण्याला घेऊन चाललोय, घर बंद करणार आहे. मेंदूच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट पण घेतलीय. चित्र तेच आहे हो. पुण्याहून एका जाणकाराला आणून दाखवलं, त्यांनी सांगितलं, रंग जुने आहेत, हात बाबांचाच आहे. तुम्ही फक्त एकदा येऊन तेच आहे म्हणून सांगा. वर्दीचं ऐकेल ती."

आम्ही आत आलो तेव्हा काकू म्हणाल्या, "ह्याला वाटतं, मी म्हातारी झाले म्हणजे बहिरी पण झाले. मॅडम, सरळ आहे. चित्र तेच निघालं तर मी भ्रमिष्ट. मग डॉक्टर म्हणंल तसं आणि हा नेईल तिकडं. माझ्या घराला कुलूप. त्यामुळं बघायचं तर नीट बघा, नाहीतर अर्जच घेऊ नका."

मी अर्ज घेतला. नीट बघण्यात आपला हात कोण धरणार, असं मला वाटत होतं.

दुपारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. भिंतीला ताजा रंग होता, त्यामुळे चित्राच्या जुन्या खुणा, फ्रेमचा डाग, काही उरलं नव्हतं. मी चित्रासमोर उभी राहून पंचनामा सांगायला लागले आणि हवालदार लिहायला लागले. एक स्त्री, तपकिरी लुगडं, डोक्यावर मोळी. शेळ्या. उजव्या कडेला मातीच्या घराची भिंत, अर्धवट उघडं दार. वर लिंबाची फांदी. जमिनीवर सावली. मग काकूंना विचारलं, "यातलं काही कमी आहे?"

"नाही."

"काही जास्त आहे?"

"नाही."

"मग?"

"मग काय? शाळेत पोरगं गणित चुकवायचं तेव्हा आकडे सगळे असायचे की."

मुलानं जुने फोटो काढले. बारशाचा, वाढदिवसाचा, यजमानांच्या सेवानिवृत्तीचा. सगळ्यांत मागे ते चित्र होतं, आणि सगळ्यांत बाई होती, दार होतं, शेळ्या होत्या. फोटो काढणाऱ्यानं दर वेळी बाई मध्ये येईल असं बघून काढलेलं, कडा कापलेल्या. डाव्या बाजूला तर नेहमी कुणीतरी मामा नाहीतर आत्या उभी. मी फोटो आणि चित्र ताडून पाहिलं. वस्तू जुळल्या. माझ्या मते प्रकरण तिथंच संपलं होतं.

ते संपलं नाही ते माझ्या एका खबऱ्यामुळे. खबऱ्या ही पोलीस खात्यातली मोठी मजेशीर जमात. त्याला अर्धी गोष्ट कळते आणि उरलेली अर्धी तो आपल्या तोंडाकडे बघून रचतो. तो म्हणाला, "मॅडम, त्या फ्रेमवाल्या चाचानं माळ्यावर काहीतरी गुंडाळून ठेवलंय. पेपरात बांधून. पोराला सुद्धा वर चढू देत न्हाय."

झालं. माझ्या डोळ्यासमोर टोळी उभी राहिली. जुनी चित्रं उचलायची, नक्कल घरी पाठवायची, अस्सल मुंबईच्या बाजारात. पुण्याचा जाणकारही त्यात सामील. मी वर्तमानपत्रातल्या बातमीचा मथळासुद्धा मनात जुळवला होता आणि त्याखाली माझा फोटो गॉगलसकट.

दोन पंच घेऊन आम्ही दुकानावर गेलो. चाचा काच कापत बसले होते. पांढरी दाढी, जाड भिंगाचा चष्मा. माळ्याची झडती घ्यायची आहे म्हटल्यावर त्यांनी निमूटपणे शिडी दाखवली. माळ्यावर लाकडी पट्ट्या, फुटक्या काचा, देवादिकांच्या फ्रेमा, आणि खरोखरच कोपऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सुरळी. मी ती पंचांसमोर मोठ्या थाटात उलगडली.

आत एक अरुंद कापड होतं. एका कडेला कुरतडल्यासारखं. त्यावर मातकट रंग. बाई नाही, शेळी नाही, झाड नाही. नुसती माती.

"हे काय?" मी चाचांना विचारलं.

"कुछ नै मॅडम. खाली आहे ते, रिकामं."

मला वाटलं ब्रश पुसायचं फडकं असेल. मी ते परत गुंडाळून ठेवलं आणि हवालदारांना सांगितलं, "लिहा. मातकट रंग लागलेला कापडी तुकडा, एक. उपयोगाचा नाही." पंचांनी सह्या केल्या. ज्या मुद्देमालाच्या शोधात आपण निघालो तो हातात धरून, उलगडून, त्याला बिनकामाचा ठरवून जागच्या जागी ठेवून देणारी अधिकारी जिल्ह्यात बहुधा मी एकटीच असेन.

उतरताना हवालदार म्हणाले, "चाचा लई घामाघूम झालाय, मॅडम."

"ऊन आहे," मी म्हणाले.

"व्हय. सावलीत बसून लागलंय त्याला."

तरीही मी चाचांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं. समोर बसवलं, चहा मागवला नाही. तेव्हा माझी समजूत होती की चहा दिला की माणूस सैल पडतो आणि कोरडा ठेवला की बोलतो. उलटंच आहे ते.

"चित्र बदललं तुम्ही?"

"नै मॅडम."

"त्याची नक्कल करून घेतली कुणाकडून?"

"नक्कल कोण करणार? सरांसारखा हात कुणाचा आहे सोलापुरात?"

"काकूंच्या घरी दिलं ते सरांनीच काढलेलं आहे?"

"हौ. सरांच्याच हातचं आहे. कुराणावर हात ठेवून सांगतो."

आवाज स्थिर. माझ्याकडे बघून बोलत होते. फक्त प्रत्येक उत्तर झालं की नजर खाली फरशीकडे जायची. मी त्यांना सोडून दिलं. पुढे नोकरीत मला एक गोष्ट नीट कळली. खोटं बोलणारा विचारल्यापेक्षा जास्त बोलतो. जावयाच्या गावापासून सुरुवात करतो. पण एखादी खरी गोष्ट पोटात दाबून ठेवणारा माणूस नेमकं विचाराल तेवढंच बोलतो आणि गप्प बसतो. चाचांचं एकही उत्तर खोटं नव्हतं. माझे प्रश्नच चुकीच्या दारावर थाप मारत होते.

वरिष्ठांनी कागद चाळले. "वस्तू सगळ्या आहेत, जाणकाराचं मत आहे, झडतीत काही नाही. अर्ज निकाली काढा. गैरसमजातून केलेली तक्रार, असा शेरा मारा." मग ते हसले. "चित्रातली बाई येत नाही म्हणे. माझ्या घरी कामवाली येत नाही, कुणाकडे अर्ज करू?"

शेरा मारायच्या आधी अर्जदाराचा शेवटचा जबाब घ्यावा लागतो, म्हणून मी काकूंकडे गेले. मुलगा त्यांच्या खोलीत कपाट आवरत होता. बॅग उघडी पडलेली. त्यानं मला बघून विचारलं, "शेऱ्याची कॉपी मिळेल ना, मॅडम? डॉक्टरांच्या फाईलला लावायला." आपल्या हातून काय लिहिलं जाणार आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. मी जे लिहीन ते चित्राबद्दल नसणार होतं. ते काकूंबद्दल असणार होतं.

काकू चित्रासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या जबाब घ्यायला लागले.

"आधी बसा," त्या म्हणाल्या. "आणि तो गॉगल काढा. रंग कसे दिसायचे तुम्हाला?"

मी गॉगल काढला. पंचनाम्यात मी लुगड्याचा रंग तपकिरी लिहिला होता. लुगडं लाल होतं. संध्याकाळच्या उन्हात तापून निघालेलं लाल. बाकी सगळं चित्र मातीच्या, वाळक्या गवताच्या रंगांचं, आणि त्यात तेवढंच एक लाल.

"कोण आहेत या?" मी विचारलं.

"ह्यांची आई. हे लहान असताना ती शेळ्या घेऊन माळावर जायची ती दिवस कलल्यावर परतायची. हे दारात बसून राहायचे. आधी लांब एक लाल ठिपका दिसायचा, म्हणायचे. मग ठिपक्याची आई व्हायची."

"म्हणजे हे दारातून बघितलेलं चित्र आहे."

"दाराच्या बाजूनं. ऊन तिच्या पाठीमागनं आहे बघा, म्हणून सावली तिच्या पुढं पळती. सावली आधी घरी पोचती. भिंतीला लागलीय की नाही? मग ती. हे म्हणायचे, मला माणूस काढायला कष्ट पडले नाहीत, तिचं अंतर काढायला पडले."

मी पंचनाम्यात लिहिलं होतं, जमिनीवर सावली. कुणाची, कुठून कुठे, याचा पत्ता नव्हता.

मी जबाबाचा कागद बाजूला ठेवला. "काकू, तुम्ही रोज बघायच्या तेव्हा सुरुवात कुठून करायच्या?"

"डावीकडनं. वाचतो तसं. आधी नुसता माळ. काहीच नाही तिथं. बघून बघून जरा कंटाळा यायचा. मग शेळी, मग ती, मग सावली धरून सरळ दारात."

"आणि आता?"

"आता बघायला लागलं की ती एकदम पुढ्यातच. कंटाळा यायला जागाच नाही."

त्याच आठवड्यात मी पुणे रस्त्यावरच्या एका अपघाताचा घटनास्थळ नकाशा काढून आले होते. आमच्या धंद्यात नवखा माणूस अपघातात गाडीकडे बघत बसतो. चेपलेला पत्रा, फुटलेली काच. पण गाडी काही सांगत नाही. सांगतो तो गाडीच्या मागचा रिकामा रस्ता. चाकं कुठून घासत आली, वळण कुठे घेतलं, वेग किती होता. तो रस्ता मोजला नाही तर गाडी आली की उभीच होती हेसुद्धा सिद्ध करता येत नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं. डांबरावर ठाऊक होतं, भिंतीवर नव्हतं.

"काकू, हिच्या मागं माळ किती होता?"

"होता की बराच."

"हातानं दाखवा."

काकू उठल्या. त्यांनी तळहात बाईच्या पाठीमागे जमिनीवर ठेवला आणि फडकं फिरवल्यासारखा डावीकडे नेत राहिल्या. हात चित्राच्या कडेशी आला, फ्रेमवर चढला, फ्रेम ओलांडून नव्या रंगाच्या भिंतीवर उतरला आणि तिथं थांबला.

"हितपर्यंत," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्याच हाताकडे बघत राहिल्या. "रोज पुसताना हात हितपर्यंत जायचा माझा."

मुलगा दारात येऊन उभा होता. मला त्या क्षणी माळ्यावरची ती सुरळी आठवली. बाई नाही, शेळी नाही, झाड नाही. नुसती माती.

दुकानात गेले तेव्हा चाचा एकटेच होते. या वेळी मी स्टूल ओढून बसले, समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले आणि ते संपेपर्यंत काही विचारलं नाही. मग म्हणाले, "चाचा, चित्र तेच आहे. पण सगळं आहे का?"

चाचांनी कप खाली ठेवला. उठले, शिडी लावली, आणि त्या वयात स्वतः वर चढून सुरळी घेऊन आले.

"वाळवी लागली मॅडम. भाभींच्या घरात नै, माझ्या दुकानात. माझ्या हातात कामं पडून राहिली, चित्र जमिनीला टेकून उभं होतं. बघितलं तोपर्यंत एक कड खाल्ली होती. खाल्लेलं काढायचं तर थोडंच होतं. पण तेवढी मोठी चौकट तयार नव्हती, जी होती तिच्या मापात बसवायला वीतभर कापलं. मी म्हटलं, खाली जमीन आहे, नुसती. ना माणूस ना जनावर. कोणाला कळणार?"

"मग फेकून का नाही दिलं?"

ते सुरळीवरची धूळ झटकत राहिले. "सरांचा हात लागलेला ना त्याला."

आम्ही दोघं ती सुरळी घेऊन काकूंच्या घरी गेलो. चाचांनी पट्टी उलगडून चित्राच्या डाव्या कडेला धरली. मी नोकरीत बरंच काही पाहिलं, पण असं पुन्हा नाही पाहिलं. ती बाई चालायला लागली. लुगडं तेच, मोळी तीच, पाऊल तेच. तिला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. फक्त तिच्या पाठीमागे माळ पसरला, ती मधोमध होती ती दाराच्या बाजूला सरकली, आणि दिवसभराचं अंतर तोडून ती अगदी घराशी आली. चाचांनी पट्टी खाली घेतली की थांबायची. परत लावली की चालायची. मी त्यांना दोनतीनदा तसं करायला लावलं. हवालदार असते तर म्हणाले असते, मॅडम, आता पुरं.

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. "आई," एवढंच म्हणाला.

काकू चाचांवर घसरल्या. "वाळवी लागली एवढं सांगायला काय झालं होतं तुम्हाला? हितं मला वेड्यांच्या डॉक्टरकडं न्यायला निघाले होते."

"भाभी, उद्या सांगतो, उद्या सांगतो म्हणत राहिलो. रोज दुकान उघडलं की वाटायचं, आज जातो."

"आणि तो पुण्याचा जाणकार, तो म्हणाला तेच आहे."

"जाणकार बरोबरच म्हणाला की, भाभी."

"बरोबर म्हणाला म्हणून तर मी वेडी ठरत होते," काकू म्हणाल्या आणि आत चहा टाकायला गेल्या. गॅस बंद केल्याचा आवाज त्यांनी मुद्दाम मोठा केला असं मला वाटलं.

कलम लावायचंच तर आगळीकीचं, म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान केल्याचं, लागलं असतं. काकू म्हणाल्या, "कलम कसलं लावता? ह्यांचा चाळीस वर्षांचा मित्र आहे तो." मग मी अर्जावर शेरा लिहिला: अर्जदार यांचे म्हणणे चौकशीअंती खरे आढळून आले. वरिष्ठांनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे चित्रातली बाई येत नव्हती, हे खरं आढळलं?"

"होय सर."

"आणि आता?"

"आता येते, सर."

त्यांनी सही केली. अशा वेळी सही करणारा वरिष्ठ मिळणं हेही नशीबच असतं.

चाचा पट्टी चिकटवून देणार होते, शिवण दिसणार नाही अशी. काकूंनी नको म्हटलं. वाळवीनं खाल्लेल्या कडेसकट पट्टी वेगळी लावून घेतली, चित्रापासून थोडी सोडून. मध्ये भिंत दिसत होती. मी विचारलं, असं का? त्या म्हणाल्या, "तेवढंच तिला जास्त चालावं लागंल. सवय आहे तिला."

या प्रकरणानं मला चित्र बघायला शिकवलं असं मी म्हणणार नाही. चित्रं मी अजूनही कमीच बघते. पण त्यानंतर घटनास्थळी गेले की मी आधी वस्तू टिपायचं सोडलं. दारात उभी राहायची आणि माझी नजर आपोआप कुठे जाते, कुठून जाते, कुठे अडते, ते बघायची. खोलीत मांडणी असते तशी जबाबातही असते. ठळक गोष्ट माणूस मधोमध आणून ठेवतो, कारण आपण तिच्याकडे बघावं अशी त्याची इच्छा असते. मग मी त्याला कडेचं विचारायची. त्याआधी काय होतं? काहीच नाही मॅडम, नेहमीसारखंच. मग ते नेहमीसारखं सांगा. नवीन भरती झालेल्या पोरीपोरांना मी नकाशा काढायला बसवायची तेव्हा रिकामी जागा आधी मोजायला लावायची. ते मागे माझी टिंगल करत असणार. मीही केली असती.

आणि तक्रारदाराला नेमकं सांगता येत नाही म्हणजे तो चुकतोय, हा समज मी सोडला. काकूंना गणित येत होतं, पण आपल्याकडून काय गेलं हे शब्दात सांगता येत नव्हतं. जे गेलं त्याला नावच नव्हतं. फक्त त्याचा परिणाम त्यांना दिसत होता. बाई येत नाही. इतकी अचूक तक्रार मला नंतर कुणी दिली नाही.

मुलानं डॉक्टरांची वेळ रद्द केली. पण पुण्याचा हट्ट त्यानं सोडला नव्हता, आणि त्याची काळजी खोटी होती असंही नाही. गॅस खरोखर चालू राहिला होता. काही दिवसांनी गाडी घेऊन येतो म्हणाला तेव्हा काकू त्याला म्हणाल्या, "मला न्यायला येऊ नको. मी येईन." आणि दिवाळीनंतर त्या खरंच गेल्या. एकट्या, रेल्वेनं, आठ दिवसांसाठी, परतीचं तिकीट आधीच काढून.

हे मला मुलानंच सांगितलं. कशाला फोन केला होता कुणास ठाऊक, बहुतेक सांगायला कुणी नव्हतं म्हणून. तो पुणे स्टेशनवर थांबला होता. आईचा डबा कुठला ते त्यानं विचारलं नव्हतं. गाडी थांबली, गर्दी उतरली, गर्दी गेली, हमाल गेले, फलाट मोकळा झाला. आई नाही. मग फलाटाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, जिथं पत्रे संपतात तिथं, त्याला ती दिसली. एवढीशी. हातात बॅग, कुणालाही न विचारता, तिच्या त्या ताठ चालीनं.

"मी पळत जायला पाहिजे होतं, मॅडम," तो म्हणाला. "पण मी उभाच राहिलो. बघत."

"मग?"

"मग काय. आली जवळ, आणि म्हणाली, बॅग धर की, बघतोस काय नुसता."